आधी आई-बापांनी बोटीत बसावे

मी, रामकिसन ज्ञानोबा तिडके, वय वर्षे अडुसष्ट, लष्करातून निवृत्त हवालदार, कागदोपत्री धंदा शेती, खरा धंदा कयाकिंगचे प्रशिक्षण, राहणार युसूफ वडगाव, ता. केज, जि. बीड, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवतो. माझे डोके जागेवर आहे. कोणी धाक किंवा लालूच दाखवलेली नाही. मला धाक दाखवणारा माणूस या तालुक्यात अजून जन्मायचा आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांच्या मते माझे हृदय थोडे मोठे झाले आहे. हे माझी पत्नी छबुबाई हिला पटलेले नाही.

केजच्या वकीलबाईंनी मला एका पानाचा मजकूर टाईप करून दिला होता. तो कायद्याने बरोबर होता, पण वाचून कोणाचा आहे ते कळत नव्हते. म्हणून कायद्याचे शब्द त्यांचे ठेवले आहेत आणि मधले बोलणे माझे आहे. त्यांनी मधले बोलणे गाळायला सांगितले. मी गाळलेले नाही.

या कागदात अवघड गोष्ट एकच आहे, ती म्हणजे रस्त्याकडेचे आमचे घर. बाकी सगळे हसतखेळत वाटून होईल. घराचे कलम मी शेवटी ठेवले, कारण मला ते अजून लिहिता आलेले नाही.

कलम १. माझ्या पश्चात पेन्शन नियमाप्रमाणे छबुबाईला मिळेल. बँकेतील ठेवही तिचीच. राष्ट्रीय स्पर्धेतला मोठा चषक ती ज्वारी मापायला वापरते. तो कोणी तिच्या हातातून घेऊन काचेच्या कपाटात ठेवू नये. चषकाची एवढी चांगली नोकरी कुठे लागली नसती.

हा चषक मी आणि पलटणीतला एक पंजाबी जवान अशा दोघांनी हजार मीटरच्या शर्यतीत मिळवला. मी पूल बांधणाऱ्या पलटणीत होतो. भरती झालो तेव्हा मला पोहता येत नव्हते. आमच्याकडे विहिरीत बादली बुडायची मारामार, माणूस कुठून पोहणार? खडकीला उस्तादाने पाठीवर हात ठेवून नदीत ढकलले. नाकातोंडात पाणी जाऊन बाहेर आलो, तेव्हाच ठरवले की आता हेच करायचे. पुढे सुट्टीवर आलो तर मांजरा धरणाच्या फुगवट्यात आमची निम्मी जमीन गेली होती. वडिलांनी त्या पाण्याला मरेपर्यंत शिव्या दिल्या. मी त्याच पाण्यावर उभे आयुष्य काढले, आणि दोघांचेही बरोबर होते असे मला वाटते.

कलम २. मी धरणावर चालवतो त्या क्लबच्या सर्व कयाक, दोन्ही कॅनो, वल्ही, जॅकेटे, आणि ऊस वाहायची जुनी टायरगाडी ही क्लबची मालमत्ता समजावी. क्लबची सर्व जबाबदारी करिष्माकडे राहील. करिष्मा ही माझी विद्यार्थिनी. राज्यात पहिली आली, प्रशिक्षकाची परीक्षा पास झाली आणि परत आली. परत येणारे फार थोडे असतात.

टायरगाडीबद्दल खुलासा करतो, नाहीतर पुढचा माणूस ती भंगारात घालील. धरणाचे पाणी एका जागी राहत नाही. दिवाळीत ते आमच्या बांधाला लागलेले असते आणि उन्हाळ्यात डोळ्यांना दिसेनासे होते. पाणी सरकले की आमचा क्लबही सरकतो. गाडीवर बोटी बांधायच्या, नवीन काठ शोधायचा, निशाणाचे बांबू उपटून पुन्हा रोवायचे. ऊस असेल तिकडे इथली माणसे जातात, तसे पाणी असेल तिकडे आम्ही. ज्याला एका जागी बसून क्लब चालवायचा असेल त्याने दुसऱ्या जिल्ह्यात जावे.

कलम ३. बोटघर. दगडी जोत्याचे, पत्र्याचे छप्पर असलेले हे बोटघर मी दुष्काळाच्या सालात अगदी काठावर बांधले. काठ कोणता, हे मला माझ्या अनुभवावरून नेमके माहीत होते. पुढच्या पावसाळ्यात धरण भरले. बोटघर आजतागायत पाण्याखाली आहे. कडक उन्हाळ्यात कधी कधी छपराचा कोपरा वर दिसतो. गावात अजून कोणाचे काही चुकले की 'तिडक्याचं बोटघर झालं' असे म्हणतात.

सदर बोटघर मी त्या साहेबांना देतो ज्यांनी आमचा पहिला अर्ज 'जिल्हा अवर्षणप्रवण असल्याने जलक्रीडेचा प्रश्न उद्भवत नाही' असा शेरा मारून परत पाठवला होता. त्यांनी कधीही येऊन ताबा घ्यावा. पोहायला आधी शिकून यावे.

कलम ४. बंकट तिडके हा माझा चुलतभाऊ. पाण्याकडे जायची गाडीवाट त्याच्या बांधावरून जाते, आणि दरवर्षी पेरणी झाली की तो त्या वाटेवर बाभळीच्या काट्या टाकतो. मी त्या काढतो, तो परत टाकतो. तहसीलला आम्हा दोघांना बाकावर बसायची जागा ठरलेली आहे.

यंदा नदीने पात्र सोडले तेव्हा बंकट त्याच्या शेतातल्या आखाड्यावर, गोठ्याच्या पत्र्यावर शेळीला कवटाळून बसला होता. आमची पोरे सकाळपासून वस्त्यांवरची माणसे काढत होती. असे काम क्लब कायमच फुकट करतो आणि पुढेही फुकटच करील. करिष्मा कॅनो घेऊन बंकटकडे गेली. त्याने आधी शेळी खाली दिली, मग चौकशी केली की होडी कोणाची. माझी आहे म्हटल्यावर तो म्हणाला, "मंग मी हितंच बरा हाय."

करिष्मा म्हणाली, "काका, शेळी तर बसली. ती आता उतरत न्हाई."

मग आला. तेव्हापासून वाटेवर काट्या नाहीत. सरपणाला लागल्या म्हणून काढल्या, असे तो सांगतो. ठीक आहे, तसे समजू. वकीलबाई म्हणाल्या की मृत्युपत्रावर जो साक्षीदार असतो त्याला त्यातून काही न दिलेले बरे. हे कळताच मी बंकटला साक्षीदार होण्याची विनंती केली. त्याला फार मान वाटला.

दुसरे साक्षीदार निवृत्त मुख्याध्यापक सुंदरराव लोमटे. आमच्या प्रत्येक शर्यतीत वेळ हेच घेतात. त्यांना माझे स्टॉपवॉच द्यायचे होते, ते वरील कारणाने मी जिवंतपणीच देऊन टाकले आहे.

कलम ५. क्लबचा एक रिवाज आहे. तो कोणत्याही पुस्तकात नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो आणि तो मोडू नये अशी ताकीद देतो. कोणाचेही लेकरू क्लबात घ्यायचे तर आधी त्याच्या आई-बापांनी एकेक करून बोटीत बसायचे. पलीकडच्या निशाणाला वळसा घालून यायचे. उलटले तर कोणी मदतीला जायचे नाही, ज्याने उलटवली त्याने होडी ओढून काठाला आणायची. जॅकेट असते, कोणी बुडत नाही. फक्त फजिती होते, आणि तीच पाहिजे असते.

याचे कारण असे. आमच्याकडे दसरा झाला की नवरा-बायको कोयता घेऊन कारखान्यावर जातात आणि मोठी पोरगी धाकट्यांना सांभाळायला बरोबर जाते. शाळा सुटते. दोन-तीन हंगाम असे गेले की तिच्याही हातात कोयता येतो आणि लगोलग लग्न लागते. आमच्या स्पर्धा त्याच महिन्यांत असतात. सुरुवातीला मी घरोघर जाऊन भाषणे दिली. बायाबापड्यांनी चहा पाजला आणि पोरी घेऊन गेल्या. मग मी भाषण बंद केले आणि जानकीबाईला, म्हणजे करिष्माच्या आईला, बोटीत बसवले. तिने लुगड्याचा कासोटा घातला, होडीचे दोन्ही काठ गच्च धरले आणि अर्ध्या पाण्यापर्यंत मला शिव्या दिल्या. निशाणापाशी गप्प झाली. परत आल्यावर म्हणाली, "ही लई हालती, पर बुडवत न्हाई."

त्या वर्षी करिष्मा मागे राहिली. कुठे राहिली? आमच्या घरात. पुढच्या वर्षी आणखी पोरी आल्या. पुढे मी परसात पत्र्याचे मोठे शेड टाकले. दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत ते भरलेले असते. भाकरी छबुबाई करते आणि पोरी तिला हातभार लावतात. पहाटे पाण्यावर, मग शाळा, मग परत पाण्यावर. आमच्याकडे राहिलेल्या एकाही पोरीने शाळा सोडलेली नाही. हे वाक्य मी छाती पुढे काढून लिहितो आहे.

घर गेले तर हे सगळे संपले. बोटी कुठेही बांधून ठेवता येतात, पोरी येत नाहीत.

कलम ६. माझा मुलगा युवराज यास धरणालगतचे सर्व शेत देतो. टायरगाडीची वाट शेतातून जाते ती कायम मोकळी ठेवावी, एवढी एकच अट.

युवराज राजकारणात आहे. पांढरे कपडे घालतो, दहा गावांत त्याला नावाने ओळखतात, अडीअडचणीला रात्री-अपरात्री उठून जातो. त्याबद्दल मला त्याचा अभिमान आहे. हे मी त्याला तोंडावर कधी म्हणालो नाही, म्हणून इथे म्हणतो. पण रस्त्याकडेच्या घरावर त्याची नजर आहे. घर पाडून दुकानांचे गाळे काढायचे त्याने मनाशी ठरवले आहे. मी घर क्लबला देणार अशी कुणकुण लागली तेव्हा तो ओसरीत येऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही.

"अण्णा, लोकाच्या पोरींसाठी घर ठेवताव. मंग मी कोण?"

दावा लावीन असेही म्हणाला. तो बोलला की करतो, माझाच मुलगा आहे. दावा लागला तर घराला कुलूप लागेल, आणि आपल्याकडे दावा उभा राहिला की नातवंडेच निकाल ऐकतात. तोवर पोरी ट्रॅक्टरमध्ये बसून कारखान्यावर गेलेल्या असतील. मृत्युपत्रात मी काहीही लिहिले तरी युवराजच्या मनाविरुद्ध ते घर उभे राहणार नाही, हे मला पक्के माहीत आहे.

त्याच्या रागाचे मूळही मला माहीत आहे. तो लहान असताना मी त्याला कयाकमध्ये बसवले. उलटला. मी काठावर शिट्टी तोंडात धरून उभा राहिलो. नियम म्हणजे नियम, आणि हवालदाराच्या मुलाला तर तो आधी. रडत रडत त्याने होडी ओढून आणली, वाळूवर नीट सरळ ठेवली आणि घरी निघून गेला. नंतर पाण्याला पायसुद्धा लावला नाही. छबुबाईने माझ्याशी बोलणे टाकले. जेवायला वाढायची, पण ताट सरकवून द्यायची. तिच्या मते मी जायला पाहिजे होते. माझ्या मते नियम बरोबर होता, आणि यावर आमचे आजही एकमत नाही.

कलम ७. माझे अंत्यविधी. धरणाचे पाणी लोक पितात. माझी राख किंवा अस्थी त्यात टाकू नयेत, शेतात खड्डा करून त्यावर चिंच लावावी. त्या दिवशी सकाळचा सराव बंद ठेवू नये. चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचा नाही. युवराजच्या कार्यकर्त्यांनी ऐकलेच नाही, तर निदान माझा फोटो नेत्यांच्या फोटोंपेक्षा मोठा असावा.

कलम ८. घर.

आज रविवार. आज सकाळपर्यंत हे कलम कोरे होते. साक्षीदारांना मी काठावरच बोलावले होते, कारण रविवारी मी घरी सापडत नाही. जे घडले ते दोघांनी पाहिले आहे.

युवराजची मुलगी वैष्णवी सहावीत आहे. तिने या दिवाळीत क्लबात यायचा हट्ट धरला. मी सांगितले की रिवाज माहीत आहे ना, आई-बापांना पाठव. माझी सून रोहिणी मागच्या महिन्यातच येऊन बसून गेली आणि हसत उतरली. राहिला युवराज. त्याने आधी एका कार्यकर्त्याकडून मला फोन करवला, की साहेबांना सवलत द्यावी, ते घरचेच आहेत. मी म्हणालो की घरच्यांना सवलत दिली तर बाहेरच्यांना काय सांगू. मला वाटले, विषय संपला. पोरगी चार दिवस रुसेल आणि विसरेल.

आज सकाळी तो आला. पांढऱ्या कपड्यांतच आला. वैष्णवी त्याचे बोट धरून होती, की त्याने तिचे धरले होते, ते मला सांगता येणार नाही. मला बोटीत बसायला डॉक्टरांची मनाई आहे, म्हणून कॅनोत मागे करिष्मा बसली आणि पुढे युवराज. त्याने जॅकेटचा पट्टा दोनदा तपासला. काठ असे धरले की बोटे पांढरी पडली. बंकट काहीतरी टोमणा मारणार होता, सुंदररावांनी त्याला कोपराने ढोसले.

निशाणापर्यंत नीट गेला. वळसाही नीट झाला. परत येताना वैष्णवीने काठावरून हाक मारली, तिला हात करायला तो एका अंगाला वळला आणि कॅनो उलटली.

करिष्मा वर आली आणि तिने माझ्याकडे पाहिले. ती नियम जाणते. हात लावला नाही, बाजूला तरंगत राहिली. युवराज वर आला. खोकला. मग त्याने होडीची दोरी शोधली, मनगटाला गुंडाळली आणि काठाकडे ओढू लागला. तिथे पाय टेकत नाहीत. पोहता येत नसलेला माणूस जॅकेटवर जसा सरकतो तसा तो सरकत होता, पण त्याने दोरी सोडली नाही आणि कोणाला हाकही मारली नाही.

मी पाण्यात उतरलो. चपला काढल्या नाहीत. डॉक्टर, नियम, दोन्ही मागे राहिले. छातीएवढ्या पाण्यात जाऊन मी होडीचे टोक धरले आणि त्याच्या बरोबर ओढू लागलो.

पाय टेकल्यावर तो थांबला. माझ्याकडे बघून म्हणाला, "अण्णा, ह्या बारीला काहून आलाव?"

मी म्हणालो, "तुझं वजन लई झालंय. होडी जड चाललती."

तो हसला नाही. तोंड पुसले, पुन्हा पुसले. ओल्या तोंडाचा माणूस रडतो आहे की नाही हे कळत नाही, आणि मी ते निरखत बसलो नाही. माझेही तोंड ओलेच होते. आम्ही दोघांनी होडी वर घेतली आणि उपडी घालून पाणी काढले.

काठावर तो म्हणाला, "वैष्णवीचं नाव लिवा." मी लिहिले. मग मी त्याला हा कागद दाखवला आणि म्हणालो की हे एक कलम राहिले आहे, तू म्हणशील तसे होईल. असे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारले.

"त्यात पोरी ऱ्हातेत ना," तो म्हणाला. "मंग त्यांचंच लिवा. मी दावा करणार न्हाई, ते बी लिवा."

सबब लिहितो की, युसूफ वडगाव येथील रस्त्याकडेचे राहते घर, परसातील शेड व मोकळ्या जागेसह, छबुबाईच्या हयातीत तिचे राहील आणि हंगामात पोरी आज राहतात तशाच राहतील. तिच्या पश्चात घर क्लबच्या मालकीचे होईल, ऊसतोड कामगारांच्या मुलींच्या राहण्यासाठी. ते विकू नये, पाडू नये, भाड्याने देऊ नये. त्याची देखरेख करिष्मा आणि युवराज या दोघांनी मिळून करावी. दोघांचे पटले नाही तर कॅनोत बसून पाण्याच्या मध्यावर जावे आणि तिथे बोलावे. तिथून उठून जाता येत नाही.

याआधी मी कोणाला तोंडी काही कबूल केले असेल तर ते या कागदाने रद्द समजावे. वर लिहिलेले सर्व मी वाचले, मला समजले, आणि पुन्हा लिहायला सांगितले तरी मी हेच लिहीन. साक्षीदारांनी माझ्यादेखत आणि मी त्यांच्यादेखत सही केली आहे.

ठिकाण : मांजरा धरणाचा काठ, युसूफ वडगाव शिवार, ता. केज, जि. बीड
दिनांक : ७ डिसेंबर २०२५

लिहून ठेवणार : रामकिसन ज्ञानोबा तिडके (सही)

साक्षीदार :
१. सुंदरराव लोमटे, निवृत्त मुख्याध्यापक (सही)
२. बंकट तिडके, शेती (सही)

संमती : कलम आठ मला मान्य आहे, घराबाबत माझी हरकत नाही व पुढेही असणार नाही. युवराज रामकिसन तिडके (सही)

खुलासा : युवराजच्या सहीवर पाणी ठिबकून शाई पसरली आहे. ती खाडाखोड समजू नये.